हिवाळा न पाहिलेलं लाकूड

१

पेटी जागच्या जागी होती, फक्त तिचं झाकण नव्हतं.

मधुवंती काचेच्या कपाटासमोर उभी राहिली आणि क्षणभर तिला वाटलं, सफाईसाठी कुणीतरी काढून ठेवलं असेल. पण तिच्या मागे उभ्या असलेल्या मिसेस ओंग, म्हणजे संग्रहालयाच्या संचालिका, यांचा चेहरा पाहून तिला कळलं की तसं काही नाही.

“काच शाबूत, कुलूप शाबूत,” मिसेस ओंग म्हणाल्या. “शेजारच्या डच टाइल्सना हातसुद्धा लावलेला नाही. त्या टाइल्ससाठी लोक जीव टाकतात. आणि नेलं काय, तर एक जुनी फळी!”

सिंगापूर नदीकाठच्या त्या लहानशा संग्रहालयात येत्या शनिवारी प्रदर्शन उघडायचं होतं. विषय होता डच आणि नॉर्वेजियन लोकांचा समुद्रावरचा जुना व्यापार. डच जहाजं पोटात विटा, टाइल्स आणि मडकी भरून नॉर्वेच्या खाड्यांमध्ये जात आणि पाइनचे ओंडके घेऊन परत येत. त्या ओंडक्यांच्या खांबांवर ॲमस्टरडॅमची कितीतरी घरं उभी राहिली. मग लाकडामागोमाग माणसंही गेली. पोरं खलाशी झाली, पोरी मोलकरणी झाल्या. त्यातले किती तरी पुढे डच कंपनीच्या जहाजांवर चढून बटाव्हियापर्यंत, म्हणजे इथून जवळच्या जावा बेटापर्यंत आले आणि कायमचे हरवले.

अशाच एका हरवलेल्या मुलाची ती पेटी होती. निदान प्रदर्शनाच्या फलकावर तसं लिहिलं होतं. मुलाचं नाव मिकेल. कॅप्टन हालवार नेस यांच्या आजोळच्या घराण्यातला. हालवार निवृत्त होऊन शहरातल्याच हौगांग भागात राहत होते. कित्येक वर्षांपूर्वी मलाक्क्याच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना ही पेटी दिसली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला बाणासारखी एक खूण कोरलेली होती. नॉर्वेत शेतकरी आपापल्या लाकडावर अशी खूण करत, आणि ही खूण हालवारच्या आजोळच्या शेताची होती. कुणी विश्वास ठेवला नाही. चार रेघा, कुणीही ओढेल. शेवटी विद्यापीठातल्या प्रोफेसर प्रबोध आगाशे यांनी लाकूड तपासलं आणि सांगितलं, पेटीचा खालचा सागवानी भाग इथे नंतर बदललेला असावा, पण झाकण नॉर्वेच्याच पाइनचं आहे.

मधुवंती त्याच प्रबोध सरांच्या हाताखाली लाकडावर संशोधन करत होती. पुण्याहून आली तेव्हा पहिले दोन आठवडे सरांच्याच घरी राहिली होती.

“कपाटाचं दार कुणाच्या कार्डानं उघडलं गेलं, ते यंत्रात दिसतं,” मिसेस ओंग हळूच म्हणाल्या. “तुझ्या मित्राच्या. तन्मयच्या.”

२

तन्मय प्रदर्शनाची मांडणी करत होता. टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायको उल्का आणि शाळकरी मुलगी निहारिका यांच्याबरोबर राहायचा. मधुवंती गेली तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोरचा पोह्यांचा डबा तसाच होता.

“मधू, मी पॅनेल लावत होतो. गळ्यातलं कार्ड सारखं अडकत होतं, म्हणून काढून खुर्चीवर ठेवलं. संध्याकाळी तिथंच होतं.”

“तुझ्याशिवाय तिथं कोण कोण होतं?”

“सगळेच. मिसेस ओंग ये-जा करत होत्या. विलेमाइन दिव्यांवरून माझ्याशी भांडली. प्रबोध सर फलकांचा मजकूर वाचायला आले होते, आणि विद्यार्थ्यांना रंध्याखाली घालायला पॅकिंगच्या टाकाऊ फळ्या घेऊन गेले.” त्यानं केसांतून हात फिरवला. “पण मिसेस ओंगना माझंच नाव सुचतंय. कारण मी दर रविवारी कॅप्टनना भेटायला जातो.”

त्यामागचा तर्क मधुवंतीला लगेच समजला. विलेमाइन ही नेदरलँड्सच्या संग्रहालयातून आलेली तज्ज्ञ. झाकणाचा एक बारीक नमुना काढून तो आपल्याकडच्या प्रयोगशाळेत नेण्याचा तिचा आग्रह होता, आणि आज दुपारी ती तो काढणार होती. कॅप्टन मात्र सगळ्यांसमोर म्हणाले होते, “मी जिवंत असेपर्यंत मिकेलच्या पेटीला भोक पडणार नाही.” कॅप्टन स्वतः अंथरुणाला खिळलेले. फुप्फुसं गेली होती, महिन्याभरापासून ते हौगांगच्या शुश्रूषागृहात होते. तेव्हा त्यांनी सांगितलं आणि तन्मयनं उचललं, असं मिसेस ओंगनी जुळवलं होतं.

“उद्या दुपारपर्यंत मिळालं नाही तर त्या पोलिसांत जाणार,” उल्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “केस झाली की याचा इथे काम करायचा पास जाईल. मग आम्ही इथे राहायचं कसं?”

निहारिका सोफ्यावरून इथल्या शाळेतल्या मिश्र बोलीत म्हणाली, “पपा डिडन्ट टेक, lah. पपा तर दुसऱ्याची पेन्सिलपण परत देतो.”

तन्मयनं मुलीला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

३

विलेमाइन संग्रहालयातच भेटली. उंच, पिंगट केसांची, सरळ बोलणारी बाई.

“माझ्यावर संशय असेल तर विचार,” ती म्हणाली. “मला त्या झाकणाबद्दल शंका होती हे खरं आहे. नॉर्वेचं पाइन पूर्वेला आलेलं मी पाहिलंय, पण या हवेत इतकं टिकलेलं पाहिलं नाही. म्हणून तर नमुना हवा होता. झाकण नाहीसं झाल्यानं माझं काम अडलं. मी माझ्याच पायावर धोंडा का पाडून घेईन?”

मधुवंतीला ते पटलं. ती पुन्हा उघड्या पेटीपाशी गेली आणि या वेळी वाकून बारकाईनं बघू लागली.

बिजागऱ्यांच्या खिळी काढलेल्या होत्या, पण उपटून नव्हे. लाकडी हातोडीनं हलकेच ठोकून बाहेर काढून त्या पेटीतच नीट ओळीनं ठेवल्या होत्या. लोखंडावर ओरखडा नव्हता. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. कपाटाच्या तळाशी हवेतला ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या असत, त्याही नव्हत्या.

चोराला झाकण नष्ट करायचं नव्हतं. या शहराच्या दमट हवेत ते वाकू नये, चिरू नये याची त्याला काळजी होती. त्याला ते परत आणून ठेवायचं होतं. फक्त विलेमाइन निघून जाईपर्यंत ते इथं नको होतं.

म्हणजे नमुन्याची भीती! पण झाकणाला भोक पडेल ही भीती, की त्या भोकातून काहीतरी बाहेर येईल ही?

एका बिजागरीच्या पट्टीखाली झाकणाची नखाएवढी ढलपी अडकून राहिली होती. मिसेस ओंगची परवानगी घेऊन मधुवंतीनं ती चिमट्यानं उचलली आणि थेट विद्यापीठाची बस पकडली.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिनं ढलपीचा पातळ काप केला, काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लाकूड पाइनचं होतं, शंकाच नाही. राळेच्या नळ्या स्पष्ट दिसत होत्या. पण वर्षाची कडं?

थंड देशात झाड उन्हाळ्यात वाढतं आणि हिवाळ्यात थांबतं. ते थांबणं लाकडात गडद रेघ होऊन उमटतं. नॉर्वेच्या पाइनमध्ये या रेघा दाट आणि कापल्यासारख्या स्वच्छ असतात. इथं तशी एकही रेघ नव्हती. एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत झाड अलगद सरकत गेलं होतं, कधीही न थांबता. या लाकडानं हिवाळा पाहिलाच नव्हता. हे सुमात्राच्या डोंगरातलं पाइन होतं.

मधुवंतीनं डोळा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. दिसायचं तेच दिसलं.

मग प्रदर्शनाच्या मोठ्या फलकावर झाकणाच्या लाकडाचा म्हणून जो फोटो होता, दाट, कापल्यासारख्या रेघांचा, तो कशाचा होता?

४

फोटो तिच्या फोनमध्ये होता. तिनं तो मोठा केला. रेघांच्या मधोमध एक छोटी गाठ होती, आणि गाठीतून निघालेली चीर पुढे दोन फाट्यांत विभागली होती. ही गाठ तिनं पाहिली होती, अनेकदा हाताळली होती. विद्यार्थ्यांना निरनिराळी लाकडं ओळखायला शिकवताना प्रबोध सर कपाटातून जे ठोकळे काढत, त्यातला नॉर्वेचा ठोकळा!

तिनं कपाट उघडून तो ठोकळा फोटोशेजारी धरला. गाठ जुळली. चीरही जुळली.

ती तशीच स्टुलावर बसून राहिली. आता सगळं इतकं सरळ जुळत होतं की तिला स्वतःचाच राग आला. झाकण नॉर्वेचं नाही हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यालाच नमुन्याची भीती वाटणार. खिळी इतक्या मायेनं काढणारा हात लाकूडवाल्याचाच. आणि फळी दिवसाढवळ्या संग्रहालयाबाहेर न्यायची तर फळ्यांच्या ढिगाऱ्यातच न्यायची. टाकाऊ फळ्या घेऊन सर गेले होते, हे तन्मयनंच सांगितलं होतं.

लाकडांच्या कोठारातला ओलावा बारा महिने सारखाच राखलेला असे. तिथली चावी तिच्याकडेही होती. सर्वांत खालच्या फडताळात, पॅकिंगच्या फळ्यांमागे, तिला एक गुंडाळी सापडली. वर जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली दुलई होती. निळ्या कापडावर पांढरी होडकी. एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेलं नाव होतं: वरद.

“ती उघडू नकोस, मधुवंती,” मागून आवाज आला. “निदान हातांना घाम असताना तरी नको.”

प्रबोध सर दारात उभे होते.

५

वरद सरांचा एकुलता मुलगा. मर्चंट नेव्हीत कॅडेट म्हणून लागला आणि पहिल्याच सफरीत, सिंगापूर सोडल्यावर, जहाजावरून नाहीसा झाला. लाटेनं नेला की पाय घसरला, कुणालाच कळलं नाही. एवढं मधुवंतीला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

“त्या जहाजाचा कॅप्टन हालवार होता,” सर म्हणाले. ते फडताळाला टेकून खालीच बसले होते. “मालक तारांवर तारा करत होते, पुढे निघा म्हणून. त्यानं जहाज वळवलं आणि त्याच पाण्यात घिरट्या घालत राहिला. सगळे थकले, तरी तो डेकवरून हलला नाही. त्यापायी त्याला पुढे जहाज मिळालं नाही. मग तो स्वतः पुण्याला आमच्या घरी आला, हात जोडून बसला. त्याच्या ओळखीमुळेच मी इथली नोकरी धरली. वरद जिथून शेवटचा निघाला, ते बंदर तरी जवळ राहील म्हणून.”

“आणि पेटी?”

“पेटी त्याचा जीव होती. त्याच्या आईकडच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या त्या मिकेलची वाट पाहिली, असं तो सांगायचा. मला म्हणाला, ‘प्रबोध, तुझा मी शोधू शकलो नाही. आमचा तरी तू शोधून दे.’ मी काप केला आणि पाहिलं.” सरांनी दुलईचं टोक हातात घेतलं. “त्याला काय सांगू? की हे इथलंच लाकूड आहे, तुझा मिकेल या पेटीत नाही, तोही गेला? माझ्याच्यानं झालं नाही गं. दुसरा ठोकळा काढून फोटो घेतला. वाटलं होतं, दोन म्हाताऱ्यांपुरतीच गोष्ट राहील. प्रदर्शन निघेल, डच बाई येईल, असं कुठं ठाऊक होतं? विलेमाइन परत गेली की झाकण ठेवून देणार होतो.”

“सर, तन्मयवर चोरीचा आळ आलाय.”

त्यांनी वर पाहिलं. हे खरंच त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

“त्याचं कार्ड मी... खुर्चीवर पडलं होतं. मला वाटलं, तिथून कुणीही उचललं असेल म्हणतील, कुणा एकाचं नाव येणार नाही.” ते धडपडत उठले. “चल. आधी मिसेस ओंगकडे.”

संग्रहालयात सरांनी काहीही लपवलं नाही. तन्मयसमोर ते हात जोडून उभे राहिले, तेव्हा तन्मयनं त्यांचे हात धरून खाली केले आणि तोंड फिरवलं. मिसेस ओंगनी पोलिसांत जायचं रद्द केलं, पण विद्यापीठाला कळवणं भाग होतं. सरांनी मान हलवली.

विलेमाइन आणि मधुवंती मात्र झाकणावर वाकल्या होत्या. दोघींनी भिंग फिरवत ती बाणासारखी खूण पाहिली. मग मधुवंतीनं भिंग खुणेच्या अगदी जवळ नेलं.

“विलेमाइन, खुणेच्या आत बघ. जुन्या तेलाचा थर बाहेर आहे तोच आतही आहे, कुठंही तुटलेला नाही. किड्यांची भोकं खुणेच्या रेघा फोडून गेली आहेत. म्हणजे पेटी घडवली तेव्हाच खूण कोरली. नंतर कुणी नाही.”

“आणि खालचा भाग सागवानी,” विलेमाइन हळूहळू म्हणाली. “त्यावरही हाच थर, म्हणजे तोही बदललेला नाही. दोन्ही एकाच वेळचे.”

“इथं साग हाताशी असताना झाकणाला पाइन कोण लावेल? ते तर दूर सुमात्राच्या डोंगरात. मुद्दाम शोधून आणावं लागणार.” मधुवंती भराभर बोलत होती. “ज्याला पाइनचा वास हवा होता, तोच आणेल. ज्याचं बालपण त्या वासात गेलं, तोच. मिकेलनं ही पेटी घरून आणली नाही. ती त्यानं इथं बनवली. तो इथं पोचला होता, जगला होता, आणि आपल्या शेताची खूण त्यानं आठवणीनं कोरली!”

प्रबोध सर भिंतीचा आधार घेत खुर्चीवर बसले.

“म्हणजे मी लपवलं, तोच मिकेलचा खरा पुरावा होता,” ते म्हणाले.

६

हौगांगच्या शुश्रूषागृहात दुपारचा चहा वाटला जात होता. कॅप्टन हालवार उशांना टेकून बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी.

“मिळालं का?” मधुवंतीला पाहताच त्यांनी विचारलं. मग तिच्यामागे सर दिसले. “प्रबोध! ये. चेहरा असा का?”

सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. काप, ठोकळा, फोटो, चोरी. नर्सनं चहा ठेवला, त्याकडे कॅप्टननी पाहिलंही नाही.

“तुझा मुलगा गेला तेव्हा तू मला एक विचारलं होतंस,” ते म्हणाले. शब्दाशब्दाला धाप लागत होती. “त्याला त्रास झाला असेल का? आठवतं?”

“आठवतं.”

“नाही झाला, असं म्हणणं किती सोपं होतं. तुझी बायको समोर रडत होती. तरी मी म्हणालो, मला माहीत नाही. का म्हणालो? तुमचा मुलगा होता तो. त्याच्याबद्दल खोटं बोलायचा मला हक्क नव्हता.” त्यांनी डोळे मिटले. “मिकेल माझा होता, प्रबोध.”

सर तिथेच पलंगाचा कठडा धरून वाकले. मधुवंतीला राहवलं नाही. ती पलंगाशी बसली आणि घाईघाईनं सांगू लागली. तेलाचा थर, किड्यांची भोकं, सुमात्राचं पाइन. त्या मुलानं परक्या मुलखात घराचा वास शोधून कसा आणला असेल, ते. “कॅप्टन, ही पेटी खरंच त्याची आहे. आधी सांगितलं त्याहूनही जास्त त्याची आहे!”

कॅप्टननी डोळे उघडले. तिच्याकडे त्यांनी मायेनंच पाहिलं.

“छान गोष्ट आहे, मुली,” ते म्हणाले. “मागच्या वेळचीही छान होती.”

“पण ही खरी आहे!”

“असेलही. तू खोटं बोलणारी दिसत नाहीस. तोही दिसत नव्हता.” त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. “आता मला ओळखता येत नाही. जा तुम्ही.”

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. पेटीवर झाकण बसवलं होतं आणि फलकावर मधुवंती आणि विलेमाइन यांनी मिळून लिहिलेला नवा मजकूर होता. लोक त्या कपाटापाशी सर्वांत जास्त वेळ थांबत. वर्तमानपत्रवालेही आले. तन्मयनं त्याचे फोटो कॅप्टनना नेऊन दाखवले. त्यांनी ते पाहिले आणि परत दिले.

सरांनी राजीनामा दिला. पण ते पुण्याला परतले नाहीत. रोज बसनं हौगांगला जात आणि शुश्रूषागृहाच्या बाहेरच्या बाकावर बसून राहत. आत बोलावणं आलं नाही. मधुवंती मात्र आत जाई, कॅप्टनना पाणी पाजी, पायांवर पांघरूण सारखं करी. ते तिच्याशी हवापाण्याचं बोलत. पेटीचं कधी नाही. शेवटच्या दिवशीही तीच जवळ होती.

मंडाई म्हटलं की पुण्याच्या माणसाला मंडई आणि भाजी आठवते. सिंगापुरात मंडाईच्या स्मशानात माणसांना निरोप देतात. निरोपाला तन्मय, उल्का, मिसेस ओंग आणि दोन म्हातारे खलाशी होते. प्रबोध सर दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. सगळं आटोपल्यावर मधुवंती त्यांच्याबरोबर बस स्टॉपवर येऊन बसली. उन्हाची तिरीप त्यांच्या चपलांवर पडली होती.

“मधुवंती,” सर समोर बघत म्हणाले, “शेवटी त्यानं... माझं नाव घेतलं का?”

तिच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. एकच शब्द. तो म्हटला असता तर त्या म्हाताऱ्याला पुढची सगळी वर्षं झोप लागली असती, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते लहान मुलासारखे वाट बघत होते.

“नाही, सर,” ती म्हणाली. “नाही घेतलं.”

त्यांनी सावकाश मान हलवली.

“बरं केलंस, सांगितलंस,” ते म्हणाले, आणि मग इतके दिवस आवरून धरलेलं रडू त्यांना आवरेना. बस आली, दार उघडून थोडी थांबली आणि निघून गेली. मधुवंती त्यांचा हात धरून बसून राहिली.